आठव्या महिन्यातला गोवर

सुदर्शनच्या हातून पहिल्यांदा ताट पडलं तेव्हा शिवकांताला राग आला होता. वरण सगळ्या फरशीवर पसरलं आणि पोरगा ताटाकडं न बघता आपल्या हाताकडंच बघत बसला. तिनं फडकं आणून पुसून घेतलं, दुसरं ताट वाढलं. अभ्यासाच्या नादात ह्याचं लक्ष नसतं, असं तिला वाटलं.

मायलेकांना लातूरला येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यांचं गाव शिरूर अनंतपाळच्या पलीकडं. दहावीला सुदर्शन शाळेत पहिला आला आणि त्याच्या वडलांनी, शरणप्पांनी, त्याला लातूरला क्लासला घालायचं ठरवलं. डॉक्टर होईल म्हणून मास्तरांनीही सांगितलं होतं. हॉस्टेलचं खाणं बाधतं, संगत बाधते, म्हणून शिवकांतानं खोली करून त्याच्याजवळ राहायचं आणि शरणप्पांनी गावाकडं शेत आणि जनावरं बघायची, असं ठरलं. अशा आया त्या गल्लीत घरोघर होत्या. पोरांना डबे करून देणाऱ्या, पोरं क्लासला गेली की कपडे वाळत घालून दारात बसणाऱ्या.

शिवकांताची खोली हाजराबीच्या घरावर होती. खाली हाजराबी शिलाई करायची आणि तिचा मुलगा महेबूब रिक्षा चालवायचा. शिवकांता वर एकटी. आयुष्यात ती इतकी एकटी कधी राहिली नव्हती. सकाळी सुदर्शन गेला की दिवसभर तिच्याशी बोलायला कुणी नसायचं. शेजारच्या बायकांचं बोलणं टेस्ट आणि मार्क यांच्या पलीकडं जायचं नाही आणि त्यातलं तिला फार कळायचं नाही. सुदर्शन घरी आला तरी पुस्तकात डोकं घालायचा. तो वाचत असला की ती भांड्यांचा आवाजसुद्धा होऊ द्यायची नाही.

मग मार्क उतरायला लागले. आधी थोडे, मग एकदम. क्लासमधून फोन आला की मुलाचं लक्ष नाही, तासाला नुसता बसून असतो, घरी मोबाइल देऊ नका. शरणप्पा गावाहून आले. ते पोराला मारणारे नव्हते, पण त्या दिवशी फार बोलले. सुदर्शननं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि आपला मोबाइल त्यांच्या हातात दिला. शरणप्पा गेल्यावर तो आईला म्हणाला, "अव्वा, मी मोबाइल बघत न्हाई. वाचलेलं टिकून न्हाई राहिलं. खालच्या ओळीवर आलो की वरची गेलेली असती."

तिनं त्याच्या डोक्याला तेल लावून दिलं. बदाम भिजवून द्यायला लागली. दुसरं काय करावं तिला सुचलं नाही.

त्याची मान पडते हे पहिल्यांदा हाजराबीनं पाहिलं. संध्याकाळी तो जिन्यावर बसलेला असायचा आणि खाली शिलाई करता करता तिची नजर त्याच्याकडं जायची. एक दिवस ती वर आली. उंबऱ्याच्या आत सहसा न येणारी बाई आत येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "शिवकांता, तुझं लेकरू बसल्या जागी झटका खाऊन राहिलं. मान खाली पडती, पुन्हा वर येती. मी लई दिवसापासून बघून राहिले. हे आभ्यासाचं न्हाई, बाई. डाक्टरला दाखव."

शिवकांतानं त्या रात्री तो जेवत असताना नीट पाहिलं. मान पडत होती. मानेबरोबर हातही थोडा सुटायचा. ताट का पडायचं ते तिला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात तो जिन्यावरून पडला. महेबूबनं त्याला उचलून रिक्षात घातलं. लातूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आपसात बोलले आणि हैदराबादची चिठ्ठी दिली. शरणप्पांनी जनावरं भावाकडं बांधली, घराला कुलूप घातलं आणि ते आले.

हैदराबादच्या दवाखान्यात सुदर्शनच्या डोक्याला वायरी लावल्या, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. तिथल्या डॉक्टरीणबाई बिदरकडच्या होत्या, कन्नड मिसळून मराठी बोलायच्या, त्यामुळं शरणप्पांना जरा धीर आला. सगळे कागद हातात आल्यावर बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो भलताच होता. लहानपणी ह्याला गोवर झाला होता का?

शरणप्पा म्हणाले, आठवत नाही. झाला असेल, सगळ्यांनाच होतो.

शिवकांताला आठवत होतं. सातवा महिना सरून आठवा लागलेला होता, असं तिनं सांगितलं.

बाईंनी खुर्ची थोडी पुढं ओढली आणि सावकाश समजावलं. गोवर अंगावरून जातो, लेकरू बरं होतं. पण हजारो लेकरांमधल्या एखाद्याच्या मेंदूत तो विषाणू मागं राहतो. वर्षानुवर्षं गप्प असतो आणि मग उठतो. वर्षाच्या आत गोवर झालेल्या लेकराला ही भीती जास्त. झटके कमी करायला गोळ्या आहेत, पण हा आजार मागं फिरवणारं औषध नाही. पुढं चालणं जाईल, बोलणं जाईल, नजर जाईल. घरी न्या, सांभाळा, असं त्या म्हणाल्या.

शरणप्पांनी सगळं ऐकलं आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन ते खाली औषधाच्या दुकानात गेले. ते बराच वेळ आले नाहीत. शिवकांता तिथंच बसून राहिली. तिनं बाईंना विचारलं, लस द्यायला आम्ही चुकलो का? बाई म्हणाल्या, तुम्ही चुकला नाहीत. ती लस नऊ महिने पुरे झाल्यावर असते, त्याच्या आधी ह्याला गाठलं. इतक्या लहान लेकराला वाचवायचा एकच मार्ग असतो, आजूबाजूच्या मोठ्या लेकरांनी लस घेतलेली असावी. मग घरात गोवर शिरतच नाही.

हे शरणप्पांनी ऐकलं नाही. ऐकलं ते एकट्या शिवकांतानं. आणि त्याच क्षणी तिच्यासमोर तनुजा उभी राहिली, तीन वर्षांची, अंगभर लाल पुरळ, नाक गळतंय आणि पाळण्याच्या दोरीला लोंबकळतीय.

तनुजा तिच्या थोरल्या जावेची मुलगी. जावेचं नाव सिंधु. शिवकांता तिला अक्का म्हणायची आणि ती नुसती तोंडाची अक्का नव्हती. शिवकांता बारा वर्षांची असताना किल्लारीकडच्या तिच्या गावात भूकंप झाला. आई आणि धाकटा भाऊ एका रात्रीत गेले, हिला ढिगाऱ्यातून काढलं. पुढची वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये आत्याजवळ काढली आणि नव्या गावठाणात घर मिळालं त्या साली तिचं लग्न लावून दिलं. सुदर्शनच्या वेळी बाळंतपणाला जायला माहेरच उरलं नव्हतं. सिंधु म्हणाली, कुठं जायचं न्हाई, मी हाय. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, रात्रीचं उठणं, सगळं तिनं केलं. सुदर्शनला पहिली अंघोळ तिनं आपल्या पायावर घातली.

तीच सिंधु सुईला घाबरायची. तिच्या थोरल्या पोराला लस दिल्यावर मांडीला गाठ आली होती, रात्रभर तो तापानं फणफणला होता. त्यानंतर सिस्टर गावात आल्या की ती तनुजाला घेऊन तुरीत जाऊन बसायची. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. त्यात कुणाला काही मोठं वाटलं नव्हतं. मग गोवराची साथ आली, तनुजाला झाला आणि दहा-बारा दिवसांनी पाळण्यातल्या सुदर्शनला. सासूनं दाराला लिंबाचा डहाळा बांधला, औषधाचं नाव काढू दिलं नाही. दोन्ही लेकरं बरी झाली. ती गोष्ट पुढं कुणाच्या बोलण्यातही राहिली नाही.

शरणप्पा औषधं घेऊन आले तेव्हा शिवकांता त्यांना काही बोलली नाही.

लातूरची खोली मोकळी केली त्या दिवशी हाजराबीनं सुदर्शनसाठी एक जाड गोधडी शिवून दिली. महेबूबनं त्याला कडेवर घेतल्यासारखं उचलून जीपमध्ये बसवलं. गल्लीतल्या दोन-चार बाया आपापल्या दारात उभ्या राहिल्या, पण जवळ कुणी आलं नाही. आपल्या पोराचं परीक्षेचं वर्ष आहे, असलं काही बघू नये, असं त्यांना वाटत असावं. शिवकांताला त्यांचा राग आला नाही.

गावाकडं पहिले काही दिवस माणसांची रीघ लागली. कुणी नजर लागली म्हणालं, कुणी करणी. बहुतेकांचं मत पडलं की लातूरच्या अभ्यासानं पोराचं डोकं गेलं. शरणप्पांनाही तेच पटलं. आपणच त्याला तिथं धाडलं, वरून बोललो, हे त्यांच्या मनात बसलं. ते शेतात जास्त वेळ राहायला लागले. घरी आले तरी सुदर्शनच्या खाटेजवळ न बसता अंगणात बसायचे. त्यात तुमची काही चूक नाही, हे शिवकांता त्यांना सांगू शकली असती. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न आलाच असता, मग कुणाची?

हळूहळू माणसं यायची थांबली. सुदर्शनचं चालणं गेलं. मग शब्द जायला लागले. शेवटी शेवटी "अव्वा" तेवढं राहिलं होतं. एक दिवस तेही गेलं, आणि गेलं ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. ती त्याला भरवायची, कूस बदलायची, अंग पुसायची आणि सवयीनं त्याच्याशी बोलत राहायची. आज तुरीला फुलं आली. आज म्हैस व्याली. पोरगा डोळे उघडे ठेवून पडलेला असायचा. डोळ्यांना दिसत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं.

येणारी एकटी सिंधु राहिली. घरं वेगळी झाली होती, पण भिंतीला भिंत होती. ती रोज दुपारी यायची, सुदर्शनच्या पायाला तेल लावायची, शिवकांताला म्हणायची, तू जरा पड, मी बसते. शिवकांता पडायची, पण डोळा लागायचा नाही. पलीकडं अक्का तिच्या पोराचे पाय चोळतीय आणि आपल्याला माहीत आहे ते तिला माहीत नाही. कधी वाटायचं, बोलून मोकळं व्हावं. कधी वाटायचं, कशाला? पोरगा उठून बसणार आहे का? गावात तेव्हा आणखीही लेकरांना गोवर होता, एखाद्या दुसऱ्याकडूनही आला असेल. असं ती स्वतःला समजवायची. पण तेव्हा घरातून बाहेर न गेलेलं लेकरू ते. पाळण्याजवळ तनुजाच होती.

त्या साली तनुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि लेक झाल्यावर बरेच दिवस राहिली. तीही आईबरोबर यायची. गावात तिच्याएवढी सुदर्शनशी बोलणारी दुसरी कुणी नव्हती. त्याच्या खाटेवर लेकीला ठेवायची आणि "मामाला हात लाव" म्हणायची. लेक त्याच्या बोटाला धरून राहायची. तिच्या त्या येण्यानं घरात आवाज व्हायला लागला. शिवकांता तिची वाट बघायची आणि ती आली की तिच्याकडं फार वेळ बघू शकायची नाही.

लेकीला नऊ महिने पुरे झाले त्या सुमारास शेजारच्या वाडीवर गोवर आला. वीटभट्टीवरच्या लेकरांना आधी झाला, मग गावातल्या दोघा-तिघांना. सिस्टर आणि आशाताई घरोघर फिरल्या आणि बुधवारी शाळेत लस आहे म्हणून सांगून गेल्या.

बुधवारी दुपारी सिंधु रोजच्यासारखी आली. तेलाची वाटी घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसली. तनुजा लेकीला घेऊन दारात उभी होती. शाळेत जावं का न जावं, हे तिचं अजून ठरत नव्हतं. तिचा नवरा फोनवर जा म्हणत होता.

सिंधु म्हणाली, "काही गरज न्हाई. दात येऊन राहिले लेकराला, त्यात सुई कशाला? तुला कुठं दिली होती मी? काय झालं तुला?"

शिवकांता सुदर्शनला पेज भरवत होती. तिनं चमचा वाटीत ठेवला.

"तिला काय न्हाई झालं, अक्का," ती म्हणाली. "ह्याला झालं."

सिंधुचे हात थांबले. तिला समजलं नाही. शिवकांतानं मग सगळं सांगितलं, हैदराबादच्या बाईंनी काय विचारलं आणि काय सांगितलं ते. आवाज चढवला नाही. रडलीही नाही. हा अभ्यासाचा आजार नाही, गोवराचा आहे, हा आठव्या महिन्यात होता तेव्हाच्या गोवराचा. तनुजाचं नाव तिनं घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

सिंधुनं तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुला कवापासून ठावं हाय?"

"हैदराबादपासून."

"आन् तू रोज माझ्याकडून त्याचे पाय चोळून घेतले?"

सिंधुनं पदराला हात पुसले, तेलाची वाटी उचलून कोनाड्यात ठेवली आणि गेली. तनुजा दारातच होती. तिनं लेकीला छातीशी घट्ट धरलं होतं. ती काकूकडं बघत नव्हती, खाटेकडं बघत होती. मग ती वळली आणि आईच्या मागं न जाता शाळेच्या वाटेला लागली.

लेकीला लस दिली. रात्री थोडा ताप आला आणि गेला, हे आशाताईकडून शिवकांताला समजलं. तनुजा त्यानंतर दोनच दिवस माहेरी राहिली. जाताना निरोप घ्यायला आली नाही.

शरणप्पांना ती गोष्ट भावाकडून कळली. संध्याकाळी ते आले आणि पहिल्यांदाच सुदर्शनच्या खाटेवर टेकले. माझ्यापासून का लपवलंस, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, अक्काशिवाय मला कोण हाय? त्यांनी पोराच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्या दिवसापासून ते त्याच्याजवळ बसायला लागले. तेवढं एक त्या बोलण्यानं बरं झालं.

सिंधुचं दुपारचं येणं मात्र थांबलं. भिंतीपलीकडं तिच्या भांड्यांचा आवाज यायचा, ती कोंबड्यांना हाकलायची ते ऐकू यायचं. शिवकांताच्या घरात आवाज उरला तो सुदर्शनच्या श्वासाचा.

थंडीत त्याच्या छातीत कफ झाला आणि चार दिवसांत तो गेला. स्वामी आले, भजन झालं, आपल्याच शेतात बांधालगत लिंगायतांच्या रीतीनं त्याला बसवून माती दिली. सगळं गाव आलं होतं. त्याआधी न्हाऊ घालायच्या वेळी सिंधु पुढं आली होती. कुणाला काही न विचारता तिनं तांब्या हातात घेतला आणि त्याच्या डोक्यावर पाणी घातलं. शिवकांतानं पाणी ओतून दिलं. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. काम झाल्यावर सिंधु बायकांमधे जाऊन उभी राहिली.

दिवस पार पडल्यावर एका दुपारी शिवकांता स्वतः तिच्या घरी गेली. सिंधु शेंगा फोडत होती. तिनं बस म्हटलं, पाणी दिलं. शिवकांता शेंगा फोडायला लागली. सूप अर्धं भरलं तेव्हा सिंधु बोलली.

"तू बोललीस ते खरं हाय. मी लई इचार केला, खरंच हाय. त्या लेकीला तू वाचवलंस. पण शिवकांता, मला तुझ्यासमोर बसवत न्हाई. तुझं तोंड बघितलं की माझ्या पायावरचं ते लेकरू दिसतंय. तू येत नको जाऊ."

ते रागानं म्हटलेलं नव्हतं. शिवकांतानं ओंजळीतले दाणे सुपात टाकले आणि ती उठली. जाते अक्का, म्हणाली. सिंधुनं मान हलवली.

पुढं सिस्टर गावात आल्या की शिवकांताला बोलावून न्यायच्या. ती शाळेच्या ओसरीवर बसायची. कुणी विचारलं तर सांगायची, नाहीतर नुसती बसायची. तिला बघून बऱ्याच बाया लेकरं पुढं करायच्या. पण सुई झाली की लेकराला पदराखाली घेऊन तिच्यापासून जरा लांबून जायच्या. जिचं एकुलतं गेलं तिची सावली नको, असं असेल. ती ते बघायची आणि ओसरीवरून उठायची नाही.

दिवाळीला तनुजा आली. तिची लेक आता चालत होती. ती एकटीच डुगडुगत शिवकांताच्या उंबऱ्यापर्यंत आली, आत आली आणि रिकाम्या खाटेला धरून उभी राहिली. शिवकांतानं तिला गुळाचा खडा दिला. तिला जवळ घेऊन बसावं असं वाटलं, पण तेवढ्यात बाहेर तनुजाची चाहूल लागली. ती दाराशी आली, आत आली नाही.

"काकू, हिला दुसरी सुई बी दिली," ती म्हणाली. "परवा."

बरं केलंस, शिवकांता म्हणाली. ये ना आत, असंही म्हणाली. तनुजानं पलीकडच्या घराकडं एकदा बघितलं, लेकीला हाक मारली आणि ती आल्यावर कडेवर घेऊन निघून गेली. शरणप्पा अजून शेतात होते. शिवकांतानं चूल पेटवली आणि दोघांपुरतं पीठ मळायला घेतलं.